सगळीकडे सहाचीच वायर? कॅम्पर व्हॅनच्या सोलरमधली वायर आणि फ्यूज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅम्पर व्हॅनच्या छतावर २०० वॅटची दोन पॅनल, आत ३० अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला चालेल अशा व्होल्टेजवर आणून ती चार्ज करणारा), १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि २००० वॅटचा इन्व्हर्टर. ६ चौरस मिमीच्या लवचीक वायरचं ३० मीटरचं भेंडोळं आणून ठेवलंय. सगळीकडे तीच ओढली तर चालेल का, आणि फ्यूज किती अँपिअरचे घालायचे?

नाही चालणार. काही ठिकाणी ती उत्तम आहे, काही ठिकाणी जेमतेम, आणि इन्व्हर्टरला लावलीत तर आग लागेल. ‘लागू शकेल’ असं मुद्दाम म्हणत नाही. हिशेबच बघा.

इन्व्हर्टर २००० वॅट बाहेर देतो तेव्हा स्वतःच्या तोट्यासकट बॅटरीकडून सुमारे २२०० वॅट ओढतो. १२ व्होल्टवर हे झाले १८५ अँपिअर. बॅटरी उतरून ११ व्होल्टवर आली की २०० अँपिअर, कारण इन्व्हर्टरला तेवढेच वॅट हवे असतात आणि व्होल्ट कमी पडले की तो अँपिअर वाढवून घेतो. आता बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर २ मीटर धरा. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून वायर ४ मीटर. तांब्याचा रोध १ चौरस मिमी जाडीच्या १ मीटर तारेला ०.०१७५ ओहम. तेव्हा ६ चौरस मिमीच्या वायरमध्ये वाटेतच हरवतील ४ × १८५ × ०.०१७५ ÷ ६, म्हणजे जवळजवळ २.२ व्होल्ट. इन्व्हर्टरच्या तोंडाशी दहाच्या खाली येतील आणि बहुतेक इन्व्हर्टर तिथेच ‘लो बॅटरी’ म्हणून बंद पडतील. पण त्याआधी त्या ४ मीटर तांब्यात ४०० वॅट उष्णता झालेली असेल, मीटरमागे १०० वॅट. प्लायवूडच्या कपाटामागे, गादीखाली, इन्सुलेशनमध्ये गुंडाळलेली १०० वॅटची शेगडी. घरात हीच वायर मोठमोठी उपकरणं चालवते, कारण २३० व्होल्टवर त्याच २००० वॅटला ९ अँपिअरसुद्धा लागत नाहीत. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि नेमकं तिथेच चुकतं.

म्हणून प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा करायचा. आधी करंट, मग अंतर, मग वायर, आणि फ्यूज सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात: उपकरण बघून फ्यूज ठरवतात आणि हाताशी असेल ती वायर जोडतात.

वायरला दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. पहिला, एवढ्या करंटने ती तापून आवरण वितळेल का? हे अंतरावर अवलंबून नाही. जाडी, आवरणाचा प्रकार आणि आजूबाजूची हवा यांवर आहे. साध्या पीव्हीसी आवरणाची ६ चौरस मिमीची वायर ४० अँपिअरच्या आसपास पेलते. १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणाऱ्या आवरणाची तेवढ्याच जाडीची वायर मोकळ्या हवेत ६० च्या घरात जाते. पण मोकळी हवा व्हॅनमध्ये कुठे असते? छताच्या पत्र्याखाली उन्हात ६० अंश सहज होतात, आणि पाच वायर एका नळीत कोंबल्या की प्रत्येकीची क्षमता आणखी घटते. कोष्टकातला आकडा हा कमाल आकडा समजा, चालवायचा नव्हे.

दुसरा प्रश्न, वाटेत व्होल्ट किती हरवतील? हा अंतराचा प्रश्न आहे आणि १२ व्होल्टच्या जगात बहुधा हाच जाडी ठरवतो. मी चार्जिंगच्या आणि इन्व्हर्टरच्या वाटेवर दीड-दोन टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, दिव्यांना तीन टक्के चालवून घेतो. दोन्ही उत्तरांपैकी जी वायर जाड निघेल ती घ्यायची.

आता फ्यूज. फ्यूज उपकरण वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. उपकरणाच्या आतला बिघाड त्याचा त्याने बघावा. कुठेतरी पत्र्याच्या धारेवर आवरण घासून तार बॉडीला लागली तर त्या तारेचा निखारा होण्याआधी मार्ग तोडणं, हे फ्यूजचं काम. म्हणून तो चालू करंटपेक्षा मोठा हवा, सलग चालणाऱ्या करंटच्या सव्वापट धरतात, आणि वायरच्या क्षमतेपेक्षा लहान हवा. या दोन आकड्यांमध्ये जागाच उरली नाही तर फ्यूज मोठा करू नका, वायर जाड करा. ‘फ्यूज सारखा उडतोय म्हणून ३० चा टाकला’ हे वाक्य ऐकलं की मी आधी वायर हाताने चाचपतो.

मार्जिन का ठेवायचं, तेही बघा. गाडीतला नेहमीचा पातीचा फ्यूज त्याच्या आकड्याच्या ११० टक्के करंट १०० तास सहन करेल असाच बनवलेला असतो. १३५ टक्क्यांवर तो पाऊण सेकंदात उडेल किंवा दहा मिनिटंही घेईल. म्हणजे ४० चा फ्यूज ५४ अँपिअर दहा मिनिटं जाऊ देऊ शकतो. वायरची क्षमता मोजून-मापून ४० च असेल, तर ती दहा मिनिटं तिला भारी पडतात.

फ्यूजची जागा बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाशी. किती जवळ? एक वीतभर. बोटींच्या वायरिंगच्या नियमात १८ सेंटीमीटरच्या आसपासची मर्यादा आहे आणि व्हॅनला ती जशीच्या तशी लागू करावी असं माझं मत आहे. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा बेवारस असतो. तिथे शॉर्ट झालं तर थांबवणारं कोणी नाही. फ्यूज इन्व्हर्टरच्या बाजूला बसवला तर अख्खी केबल बेवारस. पुढे बसबारवरून, म्हणजे सगळ्या वायर एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीवरून, जिथे जिथे बारीक वायर फुटते, तिथे त्या बारीक वायरच्या सुरुवातीला तिच्या मापाचा नवा फ्यूज.

आता एकेक वाट घेऊ.

पॅनल ते कंट्रोलर. तुमच्यासारख्या २०० वॅटच्या पॅनलवर कामाचे २० व्होल्ट आणि १० अँपिअरच्या आसपास लिहिलेलं असेल, मोकळे, म्हणजे पॅनलला काहीच जोडलेलं नसतानाचे, २४ व्होल्ट. सिरीजमध्ये जोडली तर ४० व्होल्ट, १० अँपिअर. पॅरलल जोडली तर २० व्होल्ट, २० अँपिअर. छतापासून ६ मीटर अंतर आणि ४ चौरस मिमीची सोलर केबल धरली, तर सिरीजमध्ये अर्धा व्होल्ट जातो, ४० पैकी सव्वा टक्का. पॅरललमध्ये एक व्होल्ट जातो, २० पैकी पाच टक्के. छतावर एसीचा खोका किंवा सामानाचा रॅक एका पॅनलवर सावली टाकत नसेल, तर मी डोळे झाकून सिरीज सांगेन. फक्त कंट्रोलरची कमाल व्होल्टेज मर्यादा बघा, आणि मोकळ्या व्होल्टेजवर थंडीसाठी दहा-पंधरा टक्के वाढ धरा. पॅनल गार पडलं की व्होल्ट वाढतात, अंशामागे साधारण ०.३ टक्का. तुमचे ४८ चे ५५ होतील असं धरून चाला.

इथे फ्यूज लागतो का? दोनच पॅनल असतील तर नाही, सिरीज असो वा पॅरलल. पॅनल हा विचित्र प्राणी आहे: तारा एकमेकींना चिकटवल्या तरी तो चालू करंटपेक्षा जेमतेम पाच-सात टक्के जास्त देतो, त्यामुळे वायर नीट निवडली असेल तर ती जळत नाही आणि फ्यूज उडायलाही काही कारण नसतं. तीन किंवा जास्त पॅनल पॅरलल असतील तर गोष्ट बदलते. एक बिघडलं की बाकीच्या दोघांचा करंट त्याच्यात उलटा शिरतो, म्हणून तिथे प्रत्येकाला फ्यूज, पॅनलच्या पाठीवर छापलेल्या कमाल फ्यूजच्या आत. फ्यूज नको असला तरी बंद करायला डीसी आयसोलेटर मात्र बसवा. छतावरची वायर ऊन सोसणाऱ्या दुहेरी आवरणाची सोलर केबलच हवी. आणि एमसी-४ कनेक्टर (पॅनलच्या तारांना असणारे प्लग) दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत घालू नका. बसतात, पण आतली पकड सैल राहते.

कंट्रोलर ते बॅटरी. ३० अँपिअर, सव्वापट केले की साडेसदतीस, म्हणून ४० चा फ्यूज. तुमची ६ ची वायर उष्णतेच्या दृष्टीने काठावर आणि व्होल्टेजच्या दृष्टीने नापास: २ मीटर अंतराला ०.३५ व्होल्ट जातात. तेवढ्याने काय होतंय, असं वाटेल. पण कंट्रोलर स्वतःच्या टोकावरचं व्होल्टेज बघून चार्जिंगचा निर्णय घेतो. त्याला १४.२ दिसतात तेव्हा बॅटरीवर १३.८५ असतात, बॅटरी भरत आली असं समजून तो लवकर हात आखडता घेतो. वर्षभर ‘पॅनल कमी पडतात’ म्हणून तक्रार करणाऱ्यांपैकी कित्येकांचा दोष या दोन मीटरमध्ये सापडतो. १० चौरस मिमी घ्या, कंट्रोलरच्या टर्मिनलमध्ये मावत असेल तर १६, आणि कंट्रोलर बॅटरीपासून हातभर अंतरावर लावा. लांब वायर पॅनलच्या बाजूला असू दे, तिथे व्होल्टेज जास्त असल्याने ती स्वस्तात पडते. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. सोडवताना आधी पॅनल.

इन्व्हर्टर. १८५ ची सव्वापट २३१, म्हणून २५० चा फ्यूज. केबल ७० चौरस मिमी, १०५ अंशांच्या आवरणाची, बारीक तारांची. २ मीटरला ०.१८ व्होल्ट जातात, दीड टक्का. ३५ ची केबल घेऊन पूर्ण लोडवर ७० वॅट तापवणारे मी पाहिले आहेत. पण मुद्दा तापण्यापुरता नाही, ३५ ची केबल २५० च्या फ्यूजखाली सुरक्षितच नाही. फ्यूजपेक्षा ती आधी हरेल. कंपनीच्या माहितीपुस्तकात याहून जाड केबल सांगितली असेल तर तेच खरं, कारण इन्व्हर्टर करंट धक्क्याधक्क्याने ओढतो आणि बारीक केबलमध्ये ते धक्के त्याच्या कपॅसिटरना सोसावे लागतात. निगेटिव्ह केबलही तेवढीच जाड. ‘परतीचा करंट’ काही कमी नसतो.

फ्यूज २५० चा हवा एवढं सांगून भागत नाही, कोणत्या जातीचा हेही महत्त्वाचं. लिथियमच्या बॅटरीचा अंतर्गत रोध काही मिलिओहम असतो, त्यामुळे थेट शॉर्टमध्ये ती हजारो अँपिअर ओतते. साधा फ्यूज उडतो, पण आतली तार वितळल्यावर त्या फटीत विद्युतज्वाला पेटते आणि करंट तिच्यातून वाहतच राहतो. एसी करंट सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो, तिथे ज्वाला विझायला संधी असते. डीसीला ती सवलत नाही. म्हणून प्रत्येक फ्यूजवर तो किती करंट खात्रीने तोडू शकतो याचा वेगळा आकडा असतो. पातीच्या फ्यूजला तो १,००० अँपिअर, मेगा जातीला साधारण २,०००, एएनएलला ६,०००, बॅटरीच्या खुंटावर बसणाऱ्या एमआरबीएफला १४ व्होल्टवर १०,०००, आणि क्लास टीला २०,०००. लिथियमच्या मुख्य फ्यूजसाठी मी क्लास टीच वापरतो. बॅटरीतला बीएमएस, म्हणजे तिचं रक्षण करणारं आतलं सर्किट, शॉर्ट ओळखून बंद होतो हे खरं, पण त्याचे मॉसफेट, म्हणजे आतले इलेक्ट्रॉनिक स्विच, जळतात तेव्हा बरेचदा बंद न होता चालू अवस्थेतच अडकतात. त्याच्या भरवशावर स्वस्त फ्यूज घेऊ नये.

फ्यूजऐवजी घरातला एमसीबी लावू का, असं पुढे विचारालच. नको, तो एसीसाठी बनवलेला आहे. डीसीचा एमसीबी चालतो, पण त्यांतले बरेच एकाच दिशेचे असतात. प्लस-मायनस उलटे जोडले की तोडताना आतली ज्वाला विझत नाही आणि ब्रेकरच पेटतो. बसबारपाशी करंट कधी बॅटरीत जातो, कधी बाहेर येतो. तिथे एका दिशेचा ब्रेकर बसवायचा नाही.

इन्व्हर्टरबद्दल आणखी एक, तुम्ही न विचारलेलं. बॅटरीवरचा बीएमएस किती अँपिअरचा आहे? २०० अँपिअर-तासांच्या कित्येक बॅटऱ्यांत तो १०० अँपिअरचा असतो. तसं असेल तर तुमचा २००० वॅटचा इन्व्हर्टर १२०० च्या आसपासच बॅटरी बंद पाडेल, केबल कितीही जाड घाला. आणि २०० चा असला तरी पूर्ण लोडवर बॅटरी तासाभरात संपेल. अजून काही विकत घेतलं नसतं तर मी म्हटलं असतं, २४ व्होल्टची यंत्रणा करा: करंट निम्मा, त्याच वायरमधला तोटा एक चतुर्थांश.

बाकी छोट्या वाटा पटकन. एलईडी दिव्यांना दीड चौरस मिमी आणि ५ चा फ्यूज. पंपाला अडीच, फ्यूज पंपावर लिहिलेला असेल तो. कॉम्प्रेसर फ्रिज मात्र नाजूक: चालताना ४-५ अँपिअरच घेतो, पण सुरू होतानाच्या झटक्यात व्होल्टेज घसरलं की तो सुरूच होत नाही, आणि लोक फ्रिज दुरुस्तीला नेतात. त्याला ५ मीटरवर ४ किंवा ६ ची वायर द्या, मधे दुसरं काही जोडू नका. इंजिनच्या बॅटरीवरून ही बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर घेणार असाल तर त्या वायरला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे आणि शॉर्ट कुठेही झालं तरी दोघी मिळून ओततील. ३० अँपिअर देणारा चार्जर आत ३५ ते ३८ घेतो, म्हणून फ्यूज ५० चा, वायर १६ ची.

इथवर सगळं आकडेमोडीचं होतं. प्रत्यक्षात मी उघडलेल्या जळक्या गाड्यांमध्ये चुकीची जाडी क्वचितच सापडते. सापडतो तो सैल जोड. एका गाडीत इन्व्हर्टरचा फ्यूज-होल्डर वितळून खाली ओघळला होता, आणि आतला फ्यूज शाबूत. मालक म्हणे, फ्यूजच खराब निघाला. फ्यूज बिचारा बरोबर होता. त्यातून जाणारा करंट नेहमीचाच होता, १०० च्या आसपास. झालं असं की लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली भोकाची पट्टी) आणि होल्डरच्या पट्टीमध्ये कोणीतरी स्टीलचा वॉशर घातला होता. समजा त्या जागी ५ मिलिओहम रोध तयार झाला, तर १०० अँपिअरला तिथे ५० वॅट उष्णता होते, नाण्याएवढ्या जागेत. कोणताही फ्यूज हे पकडू शकत नाही. क्रम असा: पट्टी, तिच्यावर थेट लग, मग वॉशर, मग नट. तांब्याला तांबं भिडलं पाहिजे.

लग, ज्याला बाजारात थिंबलही म्हणतात, तो हायड्रॉलिक किंवा लांब दांड्याच्या षटकोनी क्रिंपरने दाबायचा, केबलच्या मापाच्याच डायने. हातोडी आणि छिन्नीने ठोकलेला लग पहिल्या दिवशी छान दिसतो. डाग देऊन तो ‘पक्का’ करण्याचाही मोह टाळा: कथील तारांमध्ये वर चढतं, तिथे केबल काडीसारखी कडक होते आणि गाडीच्या हादऱ्यांनी नेमकी त्या सीमेवर तुटते. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये जाणाऱ्या बारीक तारांना फेरूल, म्हणजे टोकावर दाबायची छोटी धातूची नळी, घाला. दाबून झालं की दोन्ही हातांनी ओढून बघा.

वायर घेतानाचे दोन सापळे. काही ठिकाणी गाडीची वायर आवरणासकट बाहेरच्या व्यासावरून विकली जाते. ‘६ मिमी’ म्हणजे ६ चौरस मिमी तांबं नव्हे, बरंच कमी. दुसरा, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याची वाहकता तांब्याच्या ६०-६५ टक्के. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. आणि भिंतीत टाकायची एकसंध किंवा सात तारांची वायर गाडीत नको, हादऱ्यांनी ती मोडते.

सगळं जोडून झाल्यावर इन्व्हर्टरवर हजारेक वॅट लोड टाकून पंधरा मिनिटं चालू द्या. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, दुसरं इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्हवर ठेवा. त्या बाजूची घट थेट दिसेल, ७० च्या केबलला ०.०५ च्या आसपास, फ्यूज आणि जोडांचे मिळून आणखी थोडे. ०.२ दिसले तर एकेक जोड मोजत जा, गुन्हेगार सापडतोच. मग निगेटिव्ह बाजूलाही तसंच. काही शे किलोमीटर गाडी फिरली की सगळे नट पुन्हा आवळा. पहिल्या खेपेला दोन-तीन तरी हललेले निघतात.

तुमचं ते भेंडोळं वाया नाही जाणार. छतावर नको, पण आत आल्यापासून आयसोलेटर आणि पुढे कंट्रोलरपर्यंत ती चालेल, आवरणावर छापलेलं व्होल्टेज पॅनलच्या ५५ पेक्षा जास्त आहे एवढं वाचून घ्या. फ्रिजला तीच वापरा. दोन्ही मिळून वीसेक मीटर जातील. उरलेली बाजूला ठेवा, पुढे मागच्या दाराशी सॉकेट काढावंसं वाटेलच.